एफएफएमपेग सोर्सवरून बिल्ड करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिडिओ कापायला, जोडायला, लहान करायला, त्यावर सबटायटल छापायला एफएफएमपेग वापरणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यातले काही जण कधी ना कधी ते सोर्सवरून बिल्ड करायला, म्हणजे मूळ कोडवरून स्वतः तयार करायला, बसतात आणि लगेच अडकतात. त्याला कारण आहे. नावाला हे एकच सॉफ्टवेअर असलं तरी पूर्ण बिल्डमध्ये सगळ्या जातींच्या बिल्ड स्क्रिप्ट एकत्र येतात. एफएफएमपेगची स्वतःची कॉन्फिगर स्क्रिप्ट हाताने लिहिलेली आहे, एमपी३साठी लागणारं लेम ऑटोटूल्सवर चालतं, एक्स२६५ सीमेकवर आणि डेव्ह१डी, फ्रायबिडी व हार्फबझ मेसनवर. इथे अडचणी सोडवता आल्या की इतर बहुतेक ओपन सोर्स प्रकल्पांतही हात बसतो.

खालची उत्तरं लिनक्स गृहीत धरून दिली आहेत. कमांड आणि एरर उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत; टर्मिनलवर अर्थातच रोमन लिपीत टाइप करायचे.

मुळात सोर्सवरून बिल्ड करायची गरज आहे का?

बहुतेकांना नाही. आधी डिस्ट्रोचं (उबुंटू, फेडोरा वगैरेचं) तयार पॅकेज वापरून पाहा.

गरज पडते ती ठरावीक कारणांसाठी. एखादा कोडेक पॅकेजमध्ये नसतो, किंवा तुमच्या डिस्ट्रोची आवृत्ती जुनी असते. मराठी लोकांना लागू पडणारं एक कारण ड्रॉटेक्स्ट फिल्टरचं आहे. व्हिडिओवर थेट मजकूर लिहिणारा हा फिल्टर एफएफएमपेग ६.१पासून हार्फबझ ही अक्षरं नीट जुळवणारी लायब्ररी वापरतो. त्याआधीच्या आवृत्त्यांत देवनागरी मजकूर दिला की जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. उबुंटू २२.०४मध्ये ४.४ मिळतं, २४.०४मध्ये ६.१. म्हणजे तुमचं दुखणं एवढंच असेल तर सोर्सच्या भानगडीत न पडता डिस्ट्रो अपग्रेड करणं सोपं. मजकूर एएसएस किंवा एसआरटी फाइलमधून येत असेल तर सबटायटल्स फिल्टर लिबॲस ही सबटायटल मांडणारी लायब्ररी वापरतो, आणि हार्फबझसह बांधलेलं लिबॲस जुन्या एफएफएमपेगबरोबरही जोडाक्षरं नीट दाखवतं.

शेकडो ओळी धावल्या आणि शेवटी एरर आला. वाचायला सुरुवात कुठून करू?

पहिल्या एररपासून. शेवटची ओळ बहुधा मेकची, म्हणजे बिल्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, असते: अमुक फाइल, एरर १. किंवा एरर २. तिचा अर्थ इतकाच की मेकने जे काम कोणाला तरी सांगितलं होतं ते फसलं. का फसलं हे ती सांगत नाही. खरं कारण तिच्या वर, कधी दहा ओळी, कधी पाचशे ओळी वर असतं. मदत मागताना लोक नेमकी हीच शेवटची ओळ पाठवतात आणि समोरच्याला काहीही कळत नाही.

मेकला -जे हा पर्याय देऊन अनेक कामं एकाच वेळी चालवली असतील तर आउटपुटची सरमिसळ होते. एका फाइलचा एरर आल्यावरही आधी सुरू झालेली बाकीची कामं पूर्ण होईपर्यंत ओळी येत राहतात. अशा वेळी मेक पुन्हा चालवा, पण जे१ देऊन आणि सोबत व्ही=१ लिहून. झालेल्या फाइली तो परत कंपाइल करत नाही, थेट अडलेल्या जागी येतो आणि कंपायलरला दिलेली पूर्ण कमांड दाखवतो. ती कमांड उचलून स्वतंत्रपणे चालवता येते, हा मोठा फायदा.

तुमच्या सिस्टमची भाषा जर्मन, जपानी वगैरे असेल, परदेशातल्या अनेक मराठी मंडळींची असते, तर कमांडच्या आधी एलसी_ऑल=सी लिहा. एरर इंग्रजीत येतील आणि शोधायला सोपे जातील.

कॉन्फिगर म्हणतं लॉग पाहा. लॉग उघडला तर त्यात एररच एरर. घाबरायचं का?

नाही. कॉन्फिगर स्क्रिप्ट नेमकं काय करते हे कळलं की लॉगची भीती जाते. ती तुमच्या मशीनला एकामागून एक प्रश्न विचारते: हे फंक्शन आहे का, ही हेडर फाइल सापडते का, ही लायब्ररी लिंक होते का. प्रश्न विचारायची पद्धत अशी, की चारपाच ओळींचा एक सी प्रोग्रॅम लिहायचा आणि तो कंपाइल करून पाहायचा. झाला तर उत्तर हो, नाही झाला तर नाही. त्यामुळे लॉगमध्ये फसलेले प्रयोग असणारच. विंडोजची हेडर फाइल लिनक्सवर न सापडणं हा दोष नव्हे.

तुम्हाला हवा असतो तो एकच फसलेला प्रयोग, ज्याच्यामुळे स्क्रिप्ट थांबली. एफएफएमपेगमध्ये लॉग एफएफबिल्ड फोल्डरात कॉन्फिग.लॉग नावाने असतो आणि तो प्रयोग अगदी शेवटी सापडतो. ऑटोटूल्सच्या प्रकल्पांत असं करून चालत नाही. तिथे लॉगच्या शेवटी सगळ्या व्हेरिएबलची लांबलचक यादी ओतलेली असते. स्क्रीनवर आलेलं एररचं वाक्य लॉगमध्ये शोधा आणि तिथून थोडं वर जा. मेसनचा लॉग बिल्ड फोल्डरातल्या मेसन-लॉग्जमध्ये असतो. सीमेकचा सीमेकफाइल्समध्ये, आणि ३.२६पासून त्याचं नाव बदलून सीमेककॉन्फिगरलॉग.यॅमल झालं आहे, त्यामुळे जुनी उत्तरं वाचून सीमेकएरर.लॉग शोधत बसू नका.

लायब्ररी इन्स्टॉल आहे, तरी "नॉट फाउंड युजिंग पीकेजी-कॉन्फिग" येतं. असं कसं?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. पीकेजी-कॉन्फिग म्हणजे लायब्ररी कुठे आहे ते सांगणारा प्रोग्रॅम. कारणं चार, आणि ती याच क्रमाने तपासा.

एक, तुमच्याकडे चालवायची लायब्ररी आहे, बिल्ड करायची नाही. डेबियन आणि उबुंटूत हेडर फाइली वेगळ्या पॅकेजमध्ये असतात, ज्याच्या नावाच्या शेवटी डेव्ह असतं, फेडोऱ्यात डेव्हेल. लिबॲसच्या बाबतीत अनुक्रमे लिबॲस-डेव्ह आणि लिबॲस-डेव्हेल. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

दोन, लायब्ररी तुम्ही स्वतः बिल्ड करून घरच्या फोल्डरात ठेवली आहे आणि पीकेजी-कॉन्फिगला तो पत्ता माहीत नाही. त्या फोल्डरातल्या लिब/पीकेजीकॉन्फिगचा मार्ग पीकेजी_कॉन्फिग_पाथमध्ये घाला. मेसन काही डिस्ट्रोंवर लिबच्या जागी लिब६४ किंवा लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू असा फोल्डर निवडतो, तेव्हा पीसी फाइल (लायब्ररीची माहिती असलेली, पीकेजी-कॉन्फिग वाचतो ती) खरोखर कुठे पडली आहे ते फाइंडने बघून घ्या.

तीन, पीसी फाइल सापडली, पण ती आणखी कोणाचं तरी नाव सांगते आणि तो सापडत नाही. लिबॲसला फ्रायबिडी, फ्रीटाइप, हार्फबझ लागतात. पीकेजी-कॉन्फिगला एक्झिस्ट्स आणि प्रिंट-एरर्स हे दोन पर्याय देऊन लायब्ररीचं नाव द्या, नेमकी कोणती कडी तुटली ते तो सांगतो.

चौथं कारण फसवं आहे. एफएफएमपेगची तपासणी दोन टप्प्यांत होते: आधी पीकेजी-कॉन्फिगला विचारणं, मग छोटा प्रोग्रॅम लिंक करून बघणं. दुसरा टप्पा फसला तरी स्क्रीनवर वाक्य तेच येतं. म्हणजे पीकेजी-कॉन्फिगकडे सगळं ठीक असूनही "सापडत नाही" असा निरोप मिळू शकतो. इथे लॉगला पर्याय नाही.

आणि एक उपप्रश्न: ॲनाकोंडा इन्स्टॉल केलंय का? इंजिनीअरिंगच्या आणि डेटा सायन्सच्या विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर ते हमखास असतं. त्याचा बेस एन्व्हायर्नमेंट चालू असेल आणि त्यात पीकेजी-कॉन्फिग असेल तर तोच पुढे येतो आणि सिस्टमच्या लायब्ररी त्याला दिसत नाहीत. "टाइप -ए पीकेजी-कॉन्फिग" चालवून पाहा. पहिल्या ओळीत कोंडा दिसलं तर कोंडा डीॲक्टिव्हेट करा, नवीन टर्मिनल उघडा आणि कॉन्फिगर पहिल्यापासून चालवा.

बाकी सगळं सापडतं, फक्त एक्स२६५ सापडत नाही.

एक्स२६५ दोन ठिकाणी वेगळं वागतं. ते स्वतःची आवृत्ती गिटच्या टॅगवरून काढतं. तुम्ही किंवा तुमच्या स्क्रिप्टने वेळ वाचवायला डेप्थ १ देऊन क्लोन केलं असेल तर टॅग येत नाहीत, आवृत्ती कळत नाही, आणि पीसी फाइल तयारच होत नाही. लायब्ररी बनते, इन्स्टॉल होते, कुठेही एरर नाही; फक्त पीकेजी-कॉन्फिगसाठी ती अस्तित्वात नसते. पूर्ण क्लोन करा किंवा टॅग आणून सीमेक नव्याने चालवा.

दुसरी गोष्ट, एक्स२६५ सी++मध्ये आहे आणि एफएफएमपेग सीमध्ये. एक्स२६५ स्टॅटिक (प्रोग्रॅममध्येच सामावणारं) बांधलं असेल तर लिंक करताना सी++ची मूळ लायब्ररी कोणीतरी मागून घ्यावी लागते. पीसी फाइलमध्ये ती नोंद खासगी यादीत असते आणि ती यादी फक्त स्टॅटिक मागणी केल्यावर वाचली जाते. म्हणून एफएफएमपेगच्या कॉन्फिगरला --पीकेजी-कॉन्फिग-फ्लॅग्ज=--स्टॅटिक द्यायचं.

खरं सांगायचं तर डिस्ट्रोचं लिबएक्स२६५-डेव्ह घेऊन हा सगळा ताप टाळता येतो. सगळंच सोर्सवरून बिल्ड करण्याचा हट्ट कशाला?

सीमेक म्हणतं, ३.५च्या खालची सुसंगतता काढून टाकली आहे.

मार्च २०२५मध्ये आलेल्या सीमेक ४.०चा हा परिणाम. जुन्या प्रकल्पांनी "किमान सीमेक २.८" असं लिहून ठेवलं होतं, ते आता चालत नाही. बहुतेक ठिकाणी -डीसीमेक_पॉलिसी_व्हर्जन_मिनिमम=३.५ दिलं की काम भागतं. एक्स२६५च्या ४.१पर्यंतच्या आवृत्त्यांना तेवढ्याने भागत नाही, कारण त्यांची स्क्रिप्ट सीएमपी००२५ ही पॉलिसी स्पष्टपणे जुन्या वागणुकीवर ठेवते आणि सीमेक ४ला ती जुनी वागणूक येतच नाही. त्या ओळी हाताने काढा, नवीन सोर्स घ्या, किंवा सीमेक ३.३१ वापरा. बदल केल्यावर बिल्ड फोल्डर पूर्ण उडवा. सीमेककॅश मागचं सगळं लक्षात ठेवतो.

"नॅझम नॉट फाउंड ऑर टू ओल्ड".

नॅझम हा असेंब्लर इन्स्टॉल करा. स्क्रिप्ट सोबत --डिसेबल-एक्स८६एएसएम देण्याचा मार्गही सुचवते आणि काही आवृत्त्यांत त्याला स्वतःच "क्रिपल्ड बिल्ड" म्हणते. तो सल्ला ऐकू नका, एन्कोडिंग फारच हळू होईल. जुन्या लेखांत याझम हा दुसरा असेंब्लरही चालतो असं लिहिलेलं असतं, एफएफएमपेग ८.०पासून याझमचा आधार काढला आहे.

"अननोन ऑप्शन" का येतं? त्या लेखात तर हाच पर्याय दिला होता.

लेख जुना असेल. लिबएव्हरिसॅम्पल ही लायब्ररी ५.०मध्ये काढली, एफएफसर्व्हर त्याच्याही आधी ४.०मध्ये. एफएफएमपेगची स्क्रिप्ट न ओळखलेल्या पर्यायावर थांबते, आणि हा तिचा चांगुलपणा आहे. ऑटोटूल्सची स्क्रिप्ट अनोळखी एनेबलवर फक्त एक इशारा देऊन पुढे जाते आणि तो शेकडो ओळींत हरवतो.

परवान्याचे पर्याय वेगळे: एक्स२६४, एक्स२६५साठी --एनेबल-जीपीएल लागतं. जीपीएलबरोबर एफडीके-एएसी हा ऑडिओ एन्कोडर हवा असेल तर --एनेबल-नॉनफ्री, आणि तसा बिल्ड दुसऱ्याला वाटता येत नाही. कोचिंग क्लासच्या सगळ्या मशीनसाठी एकाने बिल्ड करून पेन ड्राइव्हवर फिरवायचा बेत असेल तर हे आधी वाचा.

मागच्या वर्षी नीट झालेला बिल्ड, तीच आवृत्ती, तोच कोड, आता फसतो.

कोड तोच असला तरी मशीन बदललंय. डिस्ट्रो अपडेट झाला की कंपायलर, असेंब्लर, लिंकर आणि शेजारच्या लायब्ररी बदलतात.

एफएफएमपेगमधलं गाजलेलं उदाहरण २०२३चं आहे. जुलैत बिनयुटिल्स (असेंब्लर आणि लिंकर देणारं पॅकेज) २.४१ आलं आणि मॅथऑप्स.एच या फाइलवर "ऑपरँड टाइप मिसमॅच फॉर एसएचआर" अशा एररचा पाऊस पडला. त्या फाइलमधल्या इनलाइन असेंब्लीत शिफ्टच्या सूचनेला मर्यादेबाहेरचा आकडा जाऊ शकत होता. जुना असेंब्लर ते चालवून घ्यायचा, नव्याने नकार दिला. दुरुस्ती ६.१मध्ये आली. तुम्ही ६.० किंवा त्याआधीची मूळ आवृत्ती नव्या डिस्ट्रोवर बिल्ड करत असाल तर हा एरर आजही भेटेल. त्याच शाखेची नंतरची दुरुस्ती आवृत्ती घ्या.

लायब्ररीच्या बाजूनेही असंच होतं. एसव्हीटी-एव्ही१ने २०२५च्या सुरुवातीला ३.० काढताना एन्कोडर सुरू करणाऱ्या फंक्शनचा एक आर्ग्युमेंट कमी केला. एफएफएमपेग ७.१ आणि त्याआधीचा कोड तो आर्ग्युमेंट देतच राहिला, म्हणून "टू मेनी आर्ग्युमेंट्स". इथे दोन्हींतला एक पुढे किंवा एक मागे न्यावा लागतो. नेटवरच्या ज्या स्क्रिप्ट प्रत्येक लायब्ररीचा ताजा मास्टर ओढतात आणि एफएफएमपेग मात्र जुनं ठेवतात, त्या या कारणाने आज चालतात आणि उद्या मोडतात. स्क्रिप्टमध्ये सगळ्यांच्या आवृत्त्या लिहून ठेवणारी स्क्रिप्ट निवडा.

जीसीसी या कंपायलरचे काही बदल लक्षात ठेवण्याजोगे आहेत. २०२०च्या जीसीसी १०नंतर जुन्या सी कोडमध्ये "मल्टिपल डेफिनिशन" येऊ लागलं. -एफकॉमन देऊन तात्पुरतं भागतं. २०२४च्या जीसीसी १४ने न सांगता वापरलेल्या फंक्शनला इशाऱ्याऐवजी एरर केलं. जीसीसी १५ न सांगता सी२३ धरतं; जुन्या कोडला -एसटीडी=जीएनयू१७ द्या.

यातला जीसीसी १४चा बदल दिसतो त्यापेक्षा खोल आहे. जुन्या कॉन्फिगर स्क्रिप्टमधले ते छोटे प्रयोग कित्येकदा हेडर न जोडता घाईने लिहिलेले असतात. नव्या कंपायलरवर ते प्रयोगच कंपाइल होत नाहीत, आणि स्क्रिप्ट शांतपणे "हे फंक्शन नाही" अशी नोंद करून पुढे जाते. बिल्ड पूर्ण होतो. एखादी सोय गायब असते. असा संशय आला तर ऑटोरीकॉन्फ -एफआय चालवून स्क्रिप्ट नव्याने तयार करा आणि लॉगमध्ये तो प्रयोग वाचा.

कंपायलर मध्येच "किल्ड" होतो.

रॅम संपली. एफएफएमपेगचा सी कोड हलका आहे, पण सी++मधल्या लायब्ररी आठ किंवा सोळा कामं एकत्र चालवली की मेमरी खातात. डीमेसेजमध्ये ओओएमची (मेमरी संपल्याची) नोंद दिसेल. जे२वर या, नाहीतर स्वॅप वाढवा. जेच्या पुढे आकडाच न लिहिणं सगळ्यांत वाईट. मेक मग कसलीही मर्यादा पाळत नाही.

"अनडिफाइंड रेफरन्स" आणि "नो सच फाइल" यांत फरक काय?

हेडर सापडली नाही तर "नो सच फाइल", आणि तो कंपायलर बोलतो. "अनडिफाइंड रेफरन्स" लिंकर बोलतो: नाव माहीत आहे, पण त्यामागचा कोड मिळाला नाही. मग लायब्ररी जोडलीच नसेल, चुकीच्या क्रमाने जोडली असेल, किंवा हेडर एका आवृत्तीची आणि लायब्ररी दुसरीची असेल. शेवटचं कारण सोर्स आणि पॅकेज दोन्ही ठेवणाऱ्यांकडे वारंवार दिसतं. स्टॅटिक लायब्ररींत क्रम महत्त्वाचा: जी वापरते ती आधी, जी वापरली जाते ती नंतर. म्हणून लायब्ररीची नावं एक्स्ट्रा-एलडीफ्लॅग्जमध्ये न कोंबता एक्स्ट्रा-लिब्जमध्ये द्यायची.

नेटवरून घेतलेली तयार स्क्रिप्ट चालवली. कुठे बिघडलं तेच कळत नाही.

आधी बघा, स्क्रिप्टच्या सुरुवातीला सेट -ई आहे का. नसेल तर एक पायरी फसली तरी ती पुढे धावत राहते. लेमचं डाउनलोड फसलं, सीडी फसलं, आणि पुढचं मेक इन्स्टॉल भलत्याच फोल्डरात चाललं असे प्रकार होतात. एरर दिसतो तिसऱ्याच लायब्ररीत. सेट -ईयूओ पाइपफेल घाला आणि बॅश -एक्सने चालवा, म्हणजे प्रत्येक ओळ चालण्याआधी छापली जाईल. यातला पाइपफेल विसरू नका. आउटपुट टी या कमांडकडे पाठवून लॉग ठेवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये मेक फसला तरी टी यशस्वी होतो, आणि शेल शेवटच्याचंच ऐकतो.

"जीझिप: नॉट इन जीझिप फॉरमॅट" आलं तर उतरलेल्या फाइलवर फाइल कमांड चालवा. बहुधा उत्तर येईल: एचटीएमएल डॉक्युमेंट. दुवा मेलेला असतो, किंवा कॉलेज-ऑफिसच्या नेटवर्कने लॉगिनचं पान पाठवलेलं असतं, आणि कर्लने ते निमूटपणे टार फाइलच्या नावाने साठवलेलं असतं. कर्लला -एफ आणि -एल दोन्ही द्या, म्हणजे असल्या एररवर ते थांबेल आणि पत्ता बदलला असेल तर पाठलाग करेल. लॉगिनच्या पानापुढे मात्र -एफचाही इलाज नाही. ब्राउझरमधून लॉगिन करून डाउनलोड परत करा. जुन्या स्क्रिप्टमध्ये गिट:// ने सुरू होणारे दुवे असतील तर गिटहबने ते मार्च २०२२मध्ये बंद केले; एचटीटीपीएस लिहा.

स्क्रिप्ट अख्खी सुडोने चालवू नका. सुडो तुमचं पीकेजी_कॉन्फिग_पाथ आणि प्रॉक्सीची सेटिंग सहसा टाकून देतो, आणि तयार झालेल्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात. पुढच्या वेळी सुडोशिवाय चालवलं की "परमिशन डिनाइड".

"बॅड इंटरप्रिटर" आणि शेवटी ते विचित्र ^एम?

फाइल विंडोजवरून आली आहे, ओळींचे शेवट विंडोजच्या पद्धतीचे आहेत. डॉसटूयुनिक्स चालवा. डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) वापरत असाल तर सोर्स सी ड्राइव्हवर न ठेवता लिनक्सच्या होम फोल्डरात ठेवा, वेगही वाढेल. फोल्डरच्या नावात स्पेस नको. "न्यू फोल्डर" मधून वेगळ्या फोल्डरात बिल्ड केलं तर एफएफएमपेग सरळ नकार देतं, इतर प्रकल्प मध्यावर जाऊन मोडतात.

जीसीसी आहे, तरी "सी कंपायलर टेस्ट फेल्ड".

लॉगचा शेवट पाहा. बहुधा बिल्ड-इसेन्शियल नसतं किंवा सीफ्लॅग्जमध्ये काहीतरी चुकीचं राहिलेलं असतं. संस्थेच्या सर्व्हरवर /टीएमपी नोएक्झेक (तिथून प्रोग्रॅम चालवायला मनाई) माउंट केलेलं असेल तर स्क्रिप्ट तसं स्पष्ट सांगते. टीएमपीडीआयआर घरच्या फोल्डराकडे वळवा.

"क्लॉक स्क्यू डिटेक्टेड" म्हणजे काय?

मेक फाइलींच्या वेळा बघून काय परत बनवायचं ते ठरवतो. फाइलची वेळ भविष्यातली असेल तर त्याचा हिशेब चुकतो. भारतात विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या लॅपटॉपवर हे खास दिसतं. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ लिहितं, लिनक्स तीच यूटीसी समजून वर साडेपाच तास मिळवतं, आणि नेटवरून वेळ दुरुस्त होईपर्यंत बनलेल्या सगळ्या फाइली साडेपाच तास पुढच्या. जुन्या रास्पबेरी पायवर उलटं होतं, बॅटरीचं घड्याळच नसल्याने तो मागे राहतो. वेळ दुरुस्त करा, मेक डिस्टक्लीन करा, नव्याने सुरुवात करा.

इन्स्टॉल झालं, पण आवृत्ती जुनीच दिसते.

टाइप -ए एफएफएमपेग चालवा. दोनतीन दिसतील: /यूएसआर/बिनमधलं, /यूएसआर/लोकल/बिनमधलं, कदाचित स्नॅपचं. पाथमध्ये जो आधी तो चालतो. पाथ बरोबर असूनही जुनंच येत असेल तर शेलने जुना पत्ता लक्षात ठेवलाय. हॅश -आर द्या.

शेअर्ड लायब्ररी बनवल्या असतील तर "एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज" येऊ शकतं. डेबियन घराण्यात एकदा एलडीकॉन्फिग पुरतं. फेडोरा घराण्यात /यूएसआर/लोकल/लिब शोधयादीत नसतंच, ते आधी घालावं लागतं. एलडी_लायब्ररी_पाथ कायमचं बॅशआरसीमध्ये लिहू नका, सिस्टमचे दुसरे प्रोग्रॅमही तुमच्या लायब्ररी उचलायला लागतील.

बिल्डमध्ये एकही एरर नाही. तरी ड्रॉटेक्स्ट नाही, एफएफप्ले नाही, एचटीटीपीएस चालत नाही.

एफएफएमपेगचा कॉन्फिगर काही गोष्टी आपणहून शोधतो आणि न सापडल्या तर मुकाट्याने वगळतो. एसडीएल२ची डेव्ह पॅकेज नसेल तर एफएफप्ले बनतच नाही, आणि कुठेही एरर येत नाही. बाहेरच्या बाकी लायब्ररी तुम्ही नाव घेतल्याशिवाय तो बघतही नाही. ड्रॉटेक्स्टसाठी --एनेबल-लिबफ्रीटाइप आणि --एनेबल-लिबहार्फबझ दोन्ही लागतात. एक विसरलं की चालवताना "नो सच फिल्टर" येतं. एचटीटीपीएससाठी जीएनयूटीएलएस किंवा ओपनएसएसएल मागावं लागतं.

जे हवंच आहे ते नाव घेऊन मागा, अगदी --एनेबल-एसडीएल२सुद्धा. नाव घेऊन मागितलेलं सापडलं नाही तर स्क्रिप्ट थांबते. कॉन्फिगर संपल्यावर तो चालू गोष्टींची यादी छापतो, मेक देण्याआधी ती वाचायला एक मिनिट लागतं.

ड्रॉटेक्स्ट आलं, पण मराठीच्या जागी चौकोन.

हा बिल्डचा दोष नाही, फॉन्टचा आहे. नोटो सॅन्स देवनागरीसारखा फॉन्ट इन्स्टॉल करा आणि फॉन्टफाइलमध्ये त्याचा पूर्ण पत्ता द्या. फॉन्टचं नुसतं नाव द्यायचं असेल तर --एनेबल-लिबफॉन्टकॉन्फिग लागतं.

अनोळखी बिल्ड स्क्रिप्ट चालवणं सुरक्षित आहे का?

बिल्ड स्क्रिप्ट हा प्रोग्रॅम आहे आणि तुमच्या खात्याला जे करता येतं ते सगळं तो करू शकतो. २०२४चं एक्सझेड या फाइली लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरचं प्रकरण यासाठी माहीत असावं. एक्सझेड ५.६.० आणि ५.६.१च्या टार फाइलींमध्ये एका एम४ फाइलमध्ये (कॉन्फिगर स्क्रिप्ट बनवायला लागणाऱ्या) काही ओळी घातलेल्या होत्या. त्या गिटमध्ये नव्हत्या. कॉन्फिगर चालला की त्या ओळी चाचणीच्या फाइलींत दडवलेला कोड बाहेर काढायच्या आणि लायब्ररीत मागचं दार बसवायच्या. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा पिच्छा पुरवताना अँड्रेस फ्रॉइंड यांना ते सापडलं. २९ मार्च २०२४ला त्यांनी ते जाहीर केलं.

त्याच प्रकरणातली एक लहान गोष्ट मला जास्त बोचते. एक्सझेडच्या सीमेक स्क्रिप्टमध्ये लँडलॉक नावाची सुरक्षा सोय आहे का हे तपासणारा एक छोटा प्रयोग होता. त्यात एक जास्तीचं टिंब टाकलं होतं. टिंबामुळे प्रयोग कधीच कंपाइल होत नव्हता, स्क्रिप्ट "सोय नाही" असं धरून पुढे जात होती. कोणालाही एरर दिसला नाही, कारण न सापडणं हे कॉन्फिगरच्या दृष्टीने एक साधं उत्तर असतं.

व्यवहारात एवढं करा: सोर्स अधिकृत ठिकाणावरून घ्या, सही किंवा चेकसम पडताळा, कर्लचा आउटपुट थेट सुडो बॅशला देणाऱ्या सूचना टाळा, आणि शंका असेल तर कंटेनरमध्ये बिल्ड करा.

काढून टाकायचं असेल तर?

बिल्डचा फोल्डर जपला असेल तर मेक अनइन्स्टॉल. त्यापेक्षा प्रीफिक्स म्हणून होम फोल्डरात वेगळी जागा द्या. सुडो लागत नाही आणि एक फोल्डर उडवला की काम झालं.

मदत मागताना काय पाठवू?

डिस्ट्रो आणि त्याची आवृत्ती, एफएफएमपेगची आवृत्ती, कॉन्फिगरला दिलेली पूर्ण कमांड, आणि कॉन्फिगर फसला असेल तर पूर्ण कॉन्फिग.लॉग; मेक फसला असेल तर जे१ व्ही=१चा आउटपुट, पहिल्या एररच्या थोडं आधीपासून. सगळं मजकूर म्हणून. मोबाइलने काढलेल्या स्क्रीनच्या फोटोवरून लिंकरचा एरर कोणी शोधून देत नाही. लॉगमध्ये तुमचं युजरनेम आणि कधी प्रॉक्सीचा पासवर्डही असतो, तो पाठवण्याआधी काढा.